वेळ नसणाऱ्या बायकांसाठी केसांची रोजची निगा: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पाण्या-पावसात

सकाळी डबे भरायचे, नळ आला असेल तर पाणी भरून ठेवायचं, पोरांना शाळेत धाडायचं आणि कामाची बस गाठायची. यात केसांच्या वाट्याला फार तर पाच मिनिटं येतात. हा लेख त्या पाच मिनिटांचा हिशेब धरूनच लिहिला आहे.

बाळंतपणानंतर माझे केस गळायला लागले, तेव्हा घरीदारी प्रत्येकीचा वेगळा सल्ला होता. कुणी कांद्याचा रस, कुणी मेथी, कुणी अंडं, कुणी महागडी बाटली. त्यातलं कामाचं किती आणि नुसतं दमवणारं किती, हे वेगळं करायला मला बराच काळ लागला. तुमचा तो वेळ वाचावा, एवढीच इच्छा.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. टाळूच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्याला वरून काही ‘खाऊ घालता’ येत नाही, फक्त तुटण्यापासून जपता येतं. जिवंत असतं ते मूळ, आणि मुळाला जे मिळतं ते रक्तातून मिळतं. म्हणून रोजच्या धावपळीत तीनच गोष्टी सांभाळायच्या: टाळू स्वच्छ, केस कोरडे आणि पोटात नीट अन्न. बाकीचं जमलं तर करा, नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका.

आधी एवढं जवळ असू द्या

- रुंद दातांचा कंगवा
- बारीक दातांची फणी (घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर नक्कीच)
- जुना सुती पंचा, किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा
- साधा शाम्पू, पुड्याही चालतात
- खोबरेल तेल
- कापड गुंडाळलेली रबरं. उघडं रबर केस तोडतं
- डोक्याला बांधायला एखादा सुती रुमाल

१. न्हाण्याचे दिवस आणि वेळ ठरवून टाका

आठवड्यातून दोनदा डोक्यावरून न्हाणं बहुतेकींना पुरतं. टाळू तेलकट असेल, घाम फार येत असेल किंवा धुळीत काम असेल तर तीनदा. रोज न्हायलाच हवं असं नाही, आणि आठ-दहा दिवस तसेच ठेवणंही बरं नाही.

दिवसापेक्षा वेळ महत्त्वाची. सकाळी घाईत न्हाऊन ओल्या केसांचा अंबाडा घालून बाहेर पडणं, ही आपल्याकडच्या नोकरदार बायकांची सगळ्यात मोठी अडचण आहे. असा अंबाडा आतून संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो. डोक्याला वास येतो, खाज सुटते, कोंडा बळावतो. त्यातून ओला केस कोरड्यापेक्षा नाजूक असतो. ताणून बांधला की मधेच तुटतो. म्हणून सकाळचं न्हाणं सोडा. कामावरून आल्यावर न्हा, रात्री झोपेपर्यंत केस सुकतात. दिवेलागणीनंतर केस मोकळे सोडलेले घरातल्या मोठ्यांना चालत नसतील, तर एक न्हाणं रविवारी दुपारी आणि एक मधल्या वारी संध्याकाळी लवकर असं बसवा. घरात वार पाळत असतील तर ते वगळूनही दोन दिवस सापडतात.

पाळीच्या दिवसांत न्हायलं तर अपाय होतो, असं अजून पुष्कळ घरांत सांगतात. तसं काही होत नाही. बरं वाटत असेल तर खुशाल न्हा.

२. घरचं पाणी ओळखा

आपल्या भागात एका गल्लीत एक पाणी, पलीकडच्या गल्लीत दुसरं. बेळगाव शहरात नळाला राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी येतं. असं जलाशयाचं पाणी बहुधा बोअरच्या पाण्यापेक्षा मऊ असतं. पण नळ रोज येत नाही, मग घरची विहीर, बोअर नाहीतर टँकर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते पाणी जड होतं. ओळख सोपी आहे: बंबात किंवा गिझरमध्ये पांढरी खपली धरते, नळाच्या तोंडाशी पांढरे डाग पडतात, साबणाला फेस येत नाही.

जड पाण्यानं केस गळून टक्कल पडतं, ही भीती मनातून काढून टाका. त्या पाण्यानं केस राठ आणि निस्तेज होतात, गुंता वाढतो आणि विंचरताना तुटतात. त्यावर करायचं ते एवढंच:

- अंगाचा साबण डोक्याला लावू नका. जड पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शाम्पूचा तसा साका होत नाही.
- शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचे घ्या. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या बायकांना पावसाळ्यात हे फुकट मिळतं. पहिल्या पावसात कौलावरची, पत्र्यावरची घाण वाहून जाऊ द्या आणि मग पाणी धरा.
- पाणी उकळून, निवळून घेतलं तर काही क्षार तळाशी बसतात, सगळे नाही. तुरटी फिरवल्यानं गाळ बसतो, पण जडपणा जात नाही.

नळाला लावायच्या फिल्टरच्या जाहिराती पाहून पैसे घालायची घाई नको. आधी महिनाभर शेवटचे दोन तांबे बदलून बघा.

३. शाम्पू की शिकेकाई?

दोन्ही चालतं. शिकेकाई आणि रिठ्यात निसर्गतःच फेस करणारे घटक असतात आणि टाळू त्यांनी स्वच्छ होते. ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर वापरावी. पण वेळ नाही म्हणून शाम्पू लावणाऱ्या बाईनं आपण काही वाईट करतोय असं वाटून घेऊ नये.

शाम्पू थेट डोक्यावर ओतू नका. मगात थोड्या पाण्यात मिसळून घ्या, कमी लागतो आणि सगळीकडे पोचतो. बोटांच्या पेरांनी टाळू चोळा, नखांनी नाही. लांब केस वेगळे घासायची गरज नसते; टाळूवरून उतरणारा फेस त्यांना पुरतो. कंडिशनर लावणार असाल तर कानांच्या खालच्या केसांना लावा, टाळूला नको.

शिकेकाई वापरणार असाल तर पुडीतली भुकटी तशीच डोक्याला फासू नका. तिचे कण केसांत अडकतात, आणि ते काढता काढता पाच मिनिटांची वीस होतात. मूठभर शेंगा ठेचून, थोडे बिया काढलेले रिठे घालून रात्री भिजत घाला. सकाळी दहा मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा. हे पाणी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, नंतर आंबतं. डोळे घट्ट मिटून न्हा, शिकेकाई डोळ्यात फार झोंबते.

४. तेल: थोडं, आणि न्हाण्याआधी

तेलानं केस उगवत नाहीत. मग लावायचं कशाला? खोबरेल तेल केसाच्या आत काही प्रमाणात शिरतं, त्यामुळे न्हाताना केस कमी फुगतो आणि त्यातलं प्रथिन कमी झिजतं. हा फायदा खरा आहे आणि तो न्हाण्याआधी लावलं तरच नीट मिळतो. एक-दोन तास आधी, किंवा आदल्या रात्री, दोन चमचे तेल बहुतेक शेंड्यांकडच्या निम्म्या लांबीला लावा. टाळूला हलक्या हातानं जेवढं जाईल तेवढं पुरे.

चार-चार दिवस तेल थापून फिरू नका. बाजाराची धूळ त्यावर चिकटते. आणि कोंडा असेल तर टाळूला तेल लावणं पूर्ण थांबवा. कारण आठव्या मुद्द्यात आहे.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे बाटलीतलं खोबरेल गोठतं. साधारण २४ अंशांखाली ते घट्ट होणारच, त्यात भेसळ शोधू नका. बाटली गरम पाण्यात ठेवा. गॅसवर तापवलेलं तेल डोक्यावर घालू नका.

५. वाळवणं: पावसाळ्याचे चार महिने

अथणी, रायबागकडच्या कोरड्या हवेत केस लवकर सुकतात. त्या मैत्रिणींनी हा मुद्दा सोडून दिला तरी चालेल. बेळगाव शहर आणि त्याच्या पश्चिमेला मात्र जूनपासून हवेतच पाणी असतं. दोरीवरचे कपडे तीन दिवस ओले, तिथं कमरेपर्यंतचे केस कसे सुकणार?

असं करा. न्हाऊन झालं की पंच्यानं केस दाबून पाणी टिपा. पंच्यानं झटकणं, फटके मारणं बंद करा. जुनी सवय आहे, पण त्यानं केस तुटतात. जाड टॉवेलपेक्षा पातळ पंचा पाणी चांगलं ओढतो. दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, तोवर भाजी चिरून होते. मग केसांचे चार भाग करून पंख्याखाली बसा आणि आधी मुळांकडचे केस बोटांनी मोकळे करा. शेंडे दमट राहिले तर चालतील, टाळू दमट राहता कामा नये.

ड्रायर असेल तर वापरा. मधला किंवा गार वारा, डोक्यापासून वीतभर लांब, आणि एका जागी धरून ठेवायचा नाही.

बाळंतिणीचे केस शेगडीवर, धुरीवर सुकवायची पद्धत अजून आहे. दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी ठेवली तर खोलीत विषारी वायू साठतो आणि आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. शेक द्यायचाच असेल तर खिडकी उघडी हवी, आणि निखारे खोलीत ठेवून झोपायचं नाही. हे घरातल्या मोठ्या बायकांना प्रेमानं पण ठामपणे सांगा.

पावसाळ्यात उशीचा अभ्रा दर आठवड्याला बदला. हेल्मेट घालणाऱ्यांनी आतलं अस्तर सुकवत जा आणि खाली सुती रुमाल बांधा.

६. विंचरणं, गुंता आणि जट

दिवसातून एकदा, रात्री, रुंद कंगव्यानं. शेंड्यांपासून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. वरून खाली ओढलं की गुंत्याची गाठ आणखी आवळते. ओले केस शक्यतो विंचरू नका. फार कुरळे असतील तर मात्र कंडिशनर लावलेले ओलेच विंचरणं सोपं जातं. झोपताना सैल वेणी घाला, सकाळचा गुंता निम्मा होतो.

आता जटेबद्दल. आपल्या भागात हे बोललंच पाहिजे. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्या घराघरांत पुजली जाते, आणि बाईच्या केसांत जट धरली की देवीचं बोलावणं आलं असं मानणारी घरं अजून आहेत. जट कापली तर घरावर संकट येईल, या धाकानं बायका वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवतात. मान दुखते, आत उवा होतात, टाळूला जखमा होतात, वास येतो म्हणून त्या लोकांत मिसळत नाहीत. पूर्वी याच जटेचं निमित्त करून मुलींना देवदासी म्हणून सोडलं जायचं. कर्नाटकात त्याला बंदी करणारा कायदा १९८२ साली झाला.

जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा घट्ट गुंता, दुसरं काही नाही. मोठ्या आजारपणात, बाळंतपणात, मन खचलेलं असताना केसांकडे दुर्लक्ष होतं. घाम, तेल, मळ साठतो, केस एकमेकांत अडकतात आणि भीतीपोटी पुढे कुणी हात लावत नाही. देवीवर श्रद्धा असणं आणि डोकं स्वच्छ ठेवणं यांत काही विरोध नाही.

नुकतीच गाठ धरली असेल तर भरपूर तेल किंवा कंडिशनर लावून बोटांनी थोडी थोडी सोडवा, एका बैठकीत नाही सुटली तर दुसऱ्या दिवशी. जुनी, कडक जट सुटत नाही, ती कात्रीनं कापावी लागते. कापताना रक्त येत नाही, दुखत नाही. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक बायकांची अशी सुटका केली आहे. ओळखीत कुणी असेल तर तिला हिणवू नका. तिच्या सोबत बसा, तिच्या घरच्यांशी बोला, आणि ती हो म्हणेल तेव्हाच कात्री लावा.

७. कामावर जाताना केस कसे बांधायचे

सैल, आणि रोज थोडं वेगळं. रोज एकाच जागी करकचून बांधलेला अंबाडा किंवा वेणी कपाळाकडचे, कानशिलावरचे केस हळूहळू उपटते. बरीच वर्षं असं चाललं तर तिथले केस परत येत नाहीत. भांग अधूनमधून बदला. अबोलीचा गजरा माळा, पण जड वळेसर दिवसभर नको.

निपाणीकडे तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांनी, शहापूर-वडगावात मागावर असणाऱ्यांनी डोक्याला रुमाल बांधलाच पाहिजे. यंत्राजवळ तर हा जिवाचा प्रश्न आहे. यंत्रमाग, मळणीयंत्र, उसाच्या रसाचा चरक, पिठाची गिरणी यांच्या फिरत्या पट्ट्यात वेणी अडकली तर टाळूसकट सोलली जाते. अंबाडा घाला, वरून रुमाल, पदर खोचलेला.

८. कोंडा आणि उवा

कोंडा अस्वच्छतेनं होतो असं नाही. टाळूवर राहणारी एक सूक्ष्म बुरशी तिथल्या तेलावर वाढते. म्हणूनच कोंडा दिसला की लगेच डोक्यावर तेल चोपडणं उलट पडतं. औषधाच्या दुकानात २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा, फेस करून तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवा. दोन ते चार आठवड्यांत फरक पडतो. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. लिंबाचा रस थेट टाळूवर चोळू नका, आग होते. खाज थांबते म्हणून दुकानदारानं दिलेलं स्टिरॉइडचं मलम डॉक्टरांना न विचारता लावू नका.

उवा शाळेतून घरी येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कंडिशनर लावून ओल्या केसांतून फणी फिरवा, दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन-तीन आठवडे. लिखांतून साधारण आठवड्या-दहा दिवसांत नव्या उवा निघतात, त्यामुळे एकदाच काढून भागत नाही. औषध लावलं तरी तेवढ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा लावावं लागतं. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. रॉकेल किंवा शेतातलं फवारणीचं औषध डोक्याला कधीही लावू नका. भाजतं, पेट घेऊ शकतं, आणि विष टाळूतून अंगात भिनतं. पोरांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

९. मेंदी आणि काळा रंग

नुसत्या पाल्याच्या मेंदीचा रंग लालसर-तपकिरीच येतो. पुडीवर ‘काळी मेंदी’ लिहिलं असेल तर त्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्यानं टाळू सुजते, पापण्या सुजतात. प्रत्येक वेळी लावण्याआधी कोपराच्या आत किंवा कानामागे ठिपका लावून ४८ तास वाट पाहा. आधी कधी त्रास झाला नाही म्हणून यंदा होणार नाही, असं नसतं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवी पुडी फोडू नका.

रंगाची पुडी पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. हा रंग पोटात गेला तर घसा सुजून श्वास कोंडतो. घरी मिठाचं पाणी पाजत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या, आणि पुडी सोबत घ्या.

१०. केस गळत असतील तर

दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच आहे. दोनदाच न्हात असाल तर मधल्या दिवसांत सुटलेले केस न्हाताना एकदम हातात येतात, त्याला घाबरू नका.

टायफॉइड, डेंग्यू, चिकुनगुनिया, बाळंतपण, शस्त्रक्रिया, अचानक कमी केलेलं जेवण, यांतलं काही झालं असेल तर त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळायला लागतात. मधे एवढा काळ गेल्यामुळे कारण लक्षातच येत नाही आणि दोष शाम्पूवर जातो. हे बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो, तेव्हा पूर्वीसारखी वेणी दिसायला वर्षाहून जास्त लागेल.

दुसरं मोठं कारण रक्त कमी असणं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवणाऱ्या बायकांत ते फार दिसतं. हुलग्याची आमटी किंवा उसळ, मटकी, तांबडी माठाची भाजी, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी आणि मासे, हे ताटात असू द्या. वर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला तर लोह नीट शोषलं जात नाही, तासभर थांबा.

पुढचं काही दिसलं तर घरगुती उपाय बंद करून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा: पैशाएवढी गुळगुळीत चाई, भांग रुंद होत जाणं, टाळूवर पू किंवा खपल्या, केसांबरोबर थकवा, वजनात फरक, पाळी अनियमित, चेहऱ्यावर जास्त केस. सरकारी दवाखान्यात फलक कन्नडमध्ये असला तरी ‘चर्मरोग विभाग’ विचारलं की कुणीही दाखवतं.

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड आणि जुने केसपेपर
- गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट. नसतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी धरतात
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, गर्भनिरोधक धरून
- गेल्या वर्षभरातले आजार, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांच्या तारखा, चिठ्ठीवर लिहून
- भांगाचा, चांगल्या उजेडातला फोटो, महिन्याला एक

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा. थायरॉइडचा रिपोर्ट त्यामुळे चुकीचा येऊ शकतो. मिनॉक्सिडिल हे केस उगवण्यासाठी टाळूला लावायचं औषध गरोदरपणात लावू नका, आणि अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ते सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस जास्त गळू शकतात. अशा वेळी स्वतःहून बंद न करता ज्यांनी लिहून दिलं त्यांना फोन करा.